कोकणकिनाऱ्याच्या सायकल सफरीची तयारी: गिअर, चाकं आणि सामान

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी रस्ता नकाशावर समुद्राला चिकटून जातो. म्हणून पहिल्यांदा निघणारे बरेच जण तो सपाट धरून तयारी करतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल ढकलताना दिसतात. हा रस्ता एका खाडीतून वर सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर चढतो, सडा ओलांडतो आणि पुढच्या खाडीत उतरतो. पुन्हा तेच. खाडी समुद्रसपाटीला, सडा शंभर-दीडशे मीटरवर. चढ लांबीने दोन-तीन किलोमीटरचेच, पण त्यातल्या वळणांवर आठ-दहा टक्के चढण सर्रास लागते (शंभर मीटरला आठ-दहा मीटर वर), काही जागी त्याहूनही जास्त. देशावरून उतरणारा मोठा घाट एकदा चढला की संपतो, इथे दिवसात असे पाच-सहा चढ येतात. मधले लहान चढउतार धरून सत्तर किलोमीटरच्या दिवसात हजार मीटर चढाई सहज भरते. तेव्हा सायकल कुठली, गिअर कुठले, सामान किती, पाणी किती, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं. सायकलच्या किमतीचा विचार त्यानंतर.

सुरुवात सगळ्यात हलक्या गिअरपासून करू, कारण सफर तिथेच बिघडते.

पुढच्या सगळ्यात लहान चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात मोजा, त्यांना मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दातांनी भागा आणि चाकाच्या घेराने गुणा. पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळेल. ७०० बाय ३५ (३५ मिलिमीटर रुंद) टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर. पुढे ३४ आणि मागे २८ दातांची रोड बाइक एका फेरीत २.६ मीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर ताशी साडेनऊ किलोमीटर. आता माणूस ७० किलो, सायकल १५, सामान १२ आणि पाणी ३, असे शंभर किलो दहा टक्के चढावर या वेगाने न्यायचे तर २८० वॉटच्या आसपास ताकद लागते. सराव असलेल्यालाही ती दिवसातून पाच-सहा वेळा निघत नाही. फेऱ्या चाळीसवर आणल्या की काम भागल्यासारखं वाटतं, पण तो भार गुडघ्यांवर येतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात. तेच पुढे २६ आणि मागे ३४ असेल तर फेरीला १.६६ मीटर, ताशी सहा किलोमीटर आणि १८० वॉट. हे जमतं.

माझा हिशेब सरळ आहे: सामानासह निघणाऱ्याचा हलका गिअर फेरीला १.९ मीटरच्या आत हवा. यात गंमत अशी की लाखभर रुपयांची रोड बाइक इथे नापास होते आणि पुढे ४२-३४-२४ अशी तीन चेनरिंग, मागे १४ ते २८ दातांचं सात गिअरचं फ्रीव्हील (चाकाच्या मध्यावर आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच) असलेली साधी हायब्रिड पास होते. २४ भागिले २८, गुणिले २.१७, म्हणजे १.८६ मीटर. तिलाच १४-३४ चं फ्रीव्हील बसवलं तर दीड मीटरपर्यंत उतरता येतं. बदलण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात पेलतो का ते दुकानात विचारा, आणि चेन पुरते का तेही बघा. मोठ्या चेनरिंगवरून मोठ्या चकतीवर चेन टाकून पाहायची. ती तारेसारखी ताणली गेली तर दोन कड्या वाढवायला हव्यात, नाहीतर चढावर चुकून तो गिअर पडला की डिरेलर मोडतो.

फ्रीव्हीलच्या सायकलीत एक कच्चा दुवा असतो. तिच्या मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, उजवी बेअरिंग बरीच आत असते, त्यामुळे एक्सलचं उजवं टोक आधाराशिवाय राहतं आणि कॅरिअरवर वजन पडलं की ते वाकतं किंवा तुटतं. कॅसेटच्या, म्हणजे चकत्यांचा संच सरकवून बसवायच्या, हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असते, म्हणून तिथे हा त्रास फारसा होत नाही. फ्रीव्हीलचीच सायकल नेणार असाल तर मागचं सामान आठ किलोच्या वर नेऊ नका, आणि निघण्याआधी चाक काढून एक्सल गोल फिरवून पाहा. टोक डगमगताना दिसलं तर तो वाकलाय.

सस्पेन्शन फोर्क नकोच. किलो-दीड किलो वजन वाढतं, चढावर उभं राहून मारलेल्या पेडलची ताकद तो खातो, आणि त्याच्या नळ्यांवर खारा वारा बसला की सील लवकर जातात. खड्ड्यांचं काम जाड टायरवर सोडा.

टायर ३५ ते ४० मिलिमीटरचे घ्यावेत. डांबरी रस्ता चांगला असला तरी कडेला जांभ्याची लाल खडी असते. समोरून एसटी आली की अरुंद रस्त्यावर तिच्यासाठी कडेला उतरावंच लागतं, आणि २५ मिलिमीटरच्या टायरने तिथे तोल जातो. शंभर किलो वजनाला ३५ च्या टायरमध्ये मागे ६० आणि पुढे ४५ ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते, ४० च्या टायरला दोन्हीकडे आठ-दहा पीएसआय कमी. टायरवर छापलेला सगळ्यात मोठा आकडा ही मर्यादा असते, तेवढी हवा भरायचीच असं नाही. हवा कमी असली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

व्हॉल्व्हचा विचार घरीच करून टाका. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा असतो. आपल्या चाकात बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळेचं अडॉप्टर घ्या. वाटाण्याएवढी वस्तू, म्हणून दोन घ्या, एक व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा. प्रेस्टासाठी रिमला भोक साडेसहा मिलिमीटरचं असतं आणि जाड व्हॉल्व्हला साडेआठ लागतं, त्यामुळे ऐनवेळी जाड व्हॉल्व्हची ट्यूब त्या रिममध्ये जात नाही.

टायरच्या मापाचंही तसंच. बाजारपेठेच्या गावातल्या जुन्या सायकल दुकानात '२८ चा टायर आहे' असं सांगतील. ते खरंच असतं, पण तो काळ्या दुधवाल्या सायकलीचा २८ बाय दीडचा टायर, त्याचा रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर. आपल्या ७०० सी चाकाचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, तो रिमवर धरणारच नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ३७-६२२ असा आकडा असतो, तोच दाखवून मागा. नवा टायर मिळण्याची आशा रत्नागिरी-चिपळूणसारख्या शहरात धरावी, मधे नाही. पाचशे किलोमीटरच्या सफरीला जास्तीचा टायर न्यायची गरज नसते. चिरलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा पुरतो, त्याच्या कडा कातरून पातळ केलेल्या असल्या की झालं.

ब्रेक, आणि खारी हवा

ब्रेक तारेचे असावेत, मग ते रिमचे असोत की डिस्कचे. हायड्रॉलिक डिस्क चालवायला सुंदर, पण वाटेत त्यात हवा शिरली किंवा तेल गळलं तर आडे-केळशीकडे ते कोण दुरुस्त करणार? तारेचा ब्रेक कुठल्याही मोटरसायकल मेकॅनिकला समजतो. इथले उतार शंभर-दीडशे मीटरचे, त्यामुळे रिम तापून टायर फुटण्याची भीती हिमालयातल्या उतारांइतकी नाही. धोका वेगळाच आहे: आंधळं वळण, त्यावर पसरलेली खडी आणि समोरून मधोमध येणारं वाहन. वळणाच्या आधी वेग उतरवायचा, वळणात ब्रेक सोडायचा. खाडी ओलांडायच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर जाणारा रस्ता बहुतेकदा तीव्र उताराचा असतो आणि शेवटच्या सिमेंटच्या उतरंडीवर भरतीच्या पाण्याचं शेवाळ असतं. तिथे उतरून चालावं. क्लीटचे (तळव्याची पट्टी पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून तर नक्कीच, कारण क्लीट शेवाळावर अजिबात धरत नाही.

निघण्याआधी ब्रेकचे पॅड नवे घाला आणि जुन्यांतला बरा जोड पिशवीत टाका. तारा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या स्वस्त तारा किनाऱ्यावर आठवड्याभरात आवरणात घट्ट होऊ लागतात. नवी तार पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये बसते, म्हणजे आवरणाची टोकं आपापल्या खाचेत दबतात आणि गिअर अर्धवट पडू लागतात. तेव्हा सायकल दुकानातून आणली आणि परवा निघालो, असं करू नये. आधी तेवढं अंतर चालवून पुन्हा जुळवून घ्यावी.

खाऱ्या हवेचा सगळ्यात मोठा मार चेनवर बसतो. समुद्राकडे तोंड असलेल्या पडवीत रात्रभर सायकल ठेवली तर कोरडी चेन सकाळी तांबडी दिसते. वॅक्ससारखं कोरडं वंगण इथे एका दिवसात संपतं, आणि दाट ओल्या वंगणाला जांभ्याची लाल धूळ चिकटून त्याची कानस होते. मधला मार्ग असा: ओलंच वंगण घ्यायचं, प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब, रात्री लावायचं आणि सकाळी फडक्याने बाहेरून कोरडं पुसायचं. वंगणाचं काम रोलरच्या आत असतं, बाहेर दिसणारं सगळं तेल फक्त धूळ गोळा करतं. ५० मिलिलिटरची बाटली पुरून उरते. डब्ल्यूडी ४० वंगण म्हणून वापरू नका, ते आतलं तेलही धुऊन काढतं.

निघण्याआधी चेनची झीज मोजा. इंची पट्टी एका पिनच्या मध्यावर ठेवली की नव्या चेनमध्ये बारा इंचांवर बरोबर आणखी एका पिनचा मध्य येतो. तो सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. आठांश गेला असेल तर कॅसेटही झिजलेली असते, आणि नुसती नवी चेन टाकली की ती चढावर दातांवरून उडते.

दिवेआगर, मुरूड, गुहागर, सगळीकडे ओल्या वाळूवर सायकल चालवायचा मोह होतो. फोटो छान येतात. पण चाकाने उडवलेलं खारं पाणी वाळूसकट हब, हेडसेट (हँडल वळतं तो सांधा) आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये शिरतं, आणि वाटेत ती उघडून ग्रीस भरता येत नाही. सायकल माडाला टेकवून किनाऱ्यावर चालत जावं. फेरीवर लाटेचं पाणी उडालंच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची, बादली-मगाने. प्रेशरचा पाइप नको, तो पाणी बेअरिंगमध्ये ढकलतो. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटपोस्ट असेल तर आधीच काढून ग्रीस लावा, नाहीतर हे दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना असे धरतात की पुढच्या वर्षी करवतीनेच सोडवावे लागतात.

कॅरिअर आणि पॅनियर

पाठीवर सॅक घेऊन कोकणात सायकल चालवू नये. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, पाठ झाकली की शरीर थंड व्हायची अर्धी वाट बंद. मागच्या कॅरिअरला दोन पॅनियर (दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या), प्रत्येकी वीस लिटरचे, आणि हँडलवर छोटी पिशवी. मुक्काम घरगुती निवासात होणार असेल तर यात सगळं मावायला हवं. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह हे इथे चार-पाच किलोचं ओझं आहे. दर वीस-तीस किलोमीटरवर राहायची सोय मिळते.

कॅरिअर लोखंडाचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा? ॲल्युमिनियमचा हलका, आणि चांगला असेल तर पंचवीस किलोपर्यंत पेलतो. पण तो तुटला तर गावातल्या वेल्डरला जोडता येत नाही. लोखंडी कॅरिअर अर्धा किलो जास्त, पण ग्रिल बनवणारा कोणीही दहा मिनिटांत टाका मारून देतो. मी लोखंडाच्या बाजूचा आहे. खरं तर कॅरिअर तुटण्याआधी त्याचे बोल्ट ढिले होतात. हे बहुधा एम ५ मापाचे असतात. आट्यांवर निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून कसा, पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा कसा, आणि चार जास्तीचे जवळ ठेवा. एक बोल्ट पडला की उरलेल्यावर सगळा भार येतो आणि तो फ्रेमच्या आत तुटतो. ते काढणं मग मोठं काम.

जड वस्तू, म्हणजे हत्यारं, ट्यूब, चार्जर, पॅनियरच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला. टाच पॅनियरला लागत नाही ना ते बघून हुक मागे सरकवा. बंजी दोरीने बांधलेली पिशवी टाळा. तिचा हुक सुटून चाकात गेला तर आरे तुटतात, कधी डिरेलरही मागे ओढला जातो. बांधायचंच तर बकलचा पट्टा वापरा. पॅनियर वॉटरप्रूफ असो नसो, आत कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी असावी.

कपडे कमी, पण पॅडच्या चड्ड्या दोन हव्यात. धुतलेली चड्डी या हवेत रात्रीत वाळत नाही. सकाळी ती सेफ्टी पिनांनी पॅनियरवर टाचायची, सड्यावरच्या उन्हात तासाभरात वाळते. ओली चड्डी घालून निघालात तर मांड्या सोलवटतात आणि सफर तिथेच अडते. व्हॅसलीनची छोटी डबी त्यासाठीच.

हत्यारांत ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन की, डिस्क असेल तर टी २५, चेन तोडायचं हत्यार, आपल्या आऱ्यांच्या निपलच्या (टोकावरच्या बारीक नटच्या) मापाची स्पोक की, दोन टायर लिव्हर आणि पंप. छोट्या पंपाने ३५ चा टायर साठ पीएसआयला न्यायला दीडदोनशे झटके लागतात, तेवढी मनाची तयारी ठेवा. सुटे भाग: दोन ट्यूब, पंक्चरचा संच, आपल्या चेनच्या गिअरसंख्येची क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी), मागच्या गिअरची आणि मागच्या ब्रेकची तार (लांब तार पुढेही चालते, आखूड मागे चालत नाही), दहा झिप टाय, पंपाला गुंडाळलेली इन्सुलेशन टेप. पंक्चरच्या सोल्युशनची नळी न उघडलेलीच घ्या, एकदा फोडलेली उष्णतेने महिन्याभरात सुकते. पॅच लावताना ट्यूब घासून अगदी कोरडी हवी, सोल्युशन लावून पाच मिनिटं थांबायचं. दमट हवेत आणखी दोन.

दोन वस्तू लोक विसरतात. एक डिरेलरचा हँगर. डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हा मुद्दाम मऊ धातूचा तुकडा असतो, सायकल उजव्या अंगावर पडली की तोच वाकतो. त्याचे शेकडो आकार आहेत, तुमचा वाटेत मिळणार नाही. फेरीच्या गर्दीत मोटरसायकलींच्या मधे सायकल पडणं नेहमीचंच. त्यावर एक सोपी युक्ती: जुन्या ट्यूबची बोटभर रुंद रिंग कापून ठेवा, फेरीवर ती पुढच्या ब्रेकच्या दांडीवर आणि हँडलवर चढवली की ब्रेक दाबलेला राहतो आणि टेकवलेली सायकल सरकत नाही.

दुसरी वस्तू आरे. मागच्या चाकाचे उजवीकडचे आरे जास्त ताणात असतात आणि तेच तुटतात, साधारणपणे हबजवळच्या बाकावर. उजवीकडची आणि डावीकडची लांबी वेगळी असते, दुकानात मोजून घेऊन उजवीचे तीन, डावीचे दोन फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा. पण उजवीकडचा आरा बसवायला कॅसेट काढावी लागते आणि तिचं हत्यार आपल्याकडे नसतं. तेव्हा तात्पुरता उपाय: तुटलेला आरा शेजारच्याला टेपने बांधा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या आऱ्यांचे निपल अर्धा-अर्धा आटा ढिले करा, चाक ब्रेकला घासायचं थांबलं की पुढच्या शहरापर्यंत हळू जा. ३६ आऱ्यांचं चाक असेल तर हे शांतपणे होतं, २० आऱ्यांचं फॅन्सी चाक मग फिरतच नाही.

पाणी, वेळ आणि फेरीबोटी

सड्यावर सावली नाही, झाड नाही, आणि कधी दहा-पंधरा किलोमीटर दुकानही नाही. पाऊणपाऊण लिटरच्या दोन बाटल्या फ्रेमला आणि एक लिटर पॅनियरमध्ये, अडीच लिटर घेऊनच खाडी सोडा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पोटात जायला हवं. नुसतं पाणी पुरत नाही, मीठ जातं. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच टाका, अर्ध्या बाटलीत कालवलं तर ते दाट होऊन मळमळ सुटते. मीठ घातलेलं कोकम सरबत मिळालं तर उत्तम. सोलकढी जेवणासोबत.

जेवणाचं आधी सांगावं लागतं. घरगुती खानावळीत माणसं मोजून भात लावतात, दीड वाजता दारात उभं राहिलात तर चहा-बिस्किटांवर भागवावं लागेल. सकाळी निघताना पुढच्या गावी फोन करायचा. रोख आणि सुटे पैसे बरोबर ठेवा, एटीएम आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

काळ नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. या महिन्यांत सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि दुपारनंतर समुद्राकडून, वायव्येचा. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं. उलट गेलात तर रोज दुपारी थकलेल्या पायांना तोच वारा समोरून भेटतो. सकाळी सहाला निघून अकरापर्यंत दोन मोठे चढ संपवले, साडेतीनपर्यंत सावलीत काढले, की दिवस बसतो.

दिवसाचे टप्पे फेरीबोटींवरून आखा: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्या. शेवटची फेरी चुकली तर खाडीला वळसा घालून जाणं म्हणजे जवळजवळ एक दिवस. आणि प्रत्येक फेरी उतरली की समोर लगेच चढ असतो. म्हणून फेरीवरच हलका गिअर टाकून ठेवा, मागचं चाक उचलून पेडल फिरवलं की झालं. भरल्या सायकलीवर चढाच्या पायथ्याशी ताणून गिअर बदलला तर चेन तुटते.

निघण्याआधी पंधरा दिवस सगळं सामान चढवून एखाद्या खऱ्या चढावर जाऊन या. पुणेकरांना कात्रजचा जुना घाट, मुंबईकरांना येऊर. लागोपाठ दोनदा चढायचं. कॅरिअर डुलतो का, टाच लागते का, सीट बोचते का, सगळं तिथे कळतं. आल्यावर एक किलो सामान काढून ठेवावंसं वाटेल, काढा.

परतीला कोकण रेल्वे धरायची तर बरीच स्टेशनं किनाऱ्यापासून वीस-तीस किलोमीटर आत आहेत हे हिशेबात घ्या. मालवणहून कुडाळ, शिरोड्याहून सावंतवाडी. सायकल पार्सल ऑफिसात लगेज म्हणून नोंदवावी लागते. छोट्या स्टेशनावर गाडी दोनच मिनिटं थांबते, त्यात लगेजचा डबा गाठून सायकल चढवणं कठीण, म्हणून मोठं स्टेशन निवडा आणि दोन तास आधी पोचा. हँडल आडवं करायला आणि पेडल काढायला सांगतील. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. निघण्याआधी घरी दोन्ही पेडल काढून आट्यांना ग्रीस लावलं असेल तर स्टेशनावर १५ च्या पान्याने ती निघतील, नाहीतर खाऱ्या हवेने धरलेलं पेडल सोडवायला हातभर लांब पाइप शोधत फिरावं लागतं.